सरांच्या घड्याळाची चावी

विद्याताई, शाळेतली गुरुजी मंडळी, वखारीतल्या आक्का, आणि अक्कोळ रोडवरनं आलेल्या सगळ्यांना नमस्कार.

मला माईकवर बोलायची सवय न्हाय. शुद्ध तर अजिबात येत न्हाय, सांभाळून घ्या. माझं काम मान खाली घालून करायचं. बस स्टँडच्या मागं माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान हाय, एक माणूस बसला की भरतंय एवढं. तिथं चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून गप बसलोय. आधी जे बोलले त्यांनी इनामदार सरांबद्दल सगळं चांगलं सांगितलं. खरंच हाय ते. पण मी चांगलं सांगायला उभा राहिलो न्हाय. मला एक कबुली द्यायची हाय. ती सरांपुढं द्यायची राहून गेली, म्हणून तुमच्यापुढं देतो.

सर शाळेत नवीन आले तेव्हा त्यांची पहिली तुकडी आमची. सातवी ब. सरांचा हात तुम्ही बघितलाय न्हवं? फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढायचे. खांद्यापासनं हात फिरायचा, आणि खडू जिथनं निघाला तिथंच बरोबर येऊन टेकायचा. सर कुणाला मारायचे न्हाईत. त्यांच्या खिशात लाल पेन्सिल असायची. चूक दिसली की खाली लाल रेघ, आणि रेघेखाली तारीख. माझ्या भूमितीच्या वहीत इतक्या तारखा होत्या की आमचा बाबा म्हणायचा, ही वही हाय का कॅलेंडर?

पुढं सरांची पोर, ही आपली विद्याताई, शिकली, सिंगापूरला गेली, आणि तिनं सरांना एक घड्याळ आणलं. लई भारी. परदेशी कंपनीचं, ऑटोमॅटिक. म्हणजे त्याला सेल न्हाय. हातावर असलं की हाताच्या हालचालीनं ते आपोआप भरतंय. सरांची नोकरीची चार वर्षं राहिलती. त्या चार वर्षांत घड्याळ एक दिवस थांबलं न्हाय.

मग सर रिटायर झाले. त्याच वर्षी काकू गेल्या. आणि घड्याळ बंद पडायला लागलं. सकाळी हातात घातलं की रात्रीच्या आत बंद.

आता त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर निपाणीत न्हाय, बेळगावात न्हाय, कोल्हापुरात न्हाय. सरांनी घड्याळ कुरिअरनं बेंगळूरला पाठवलं. तिकडनं कागद आला. पूर्ण सर्व्हिसची वेळ झालीय, अठ्ठावन्न हजार रुपये, चार महिने लागतील. सरांनी घड्याळ तसंच परत मागवलं आणि तो कागद घेऊन माझ्याकडं आले.

म्हणाले, "बापू, हे घड्याळाचं बिल आहे का माझ्या ऑपरेशनचं?"

मी म्हटलं, "सर, खोटं न्हाय ते. आत शंभराच्या वर बारीक भाग. सगळे सुटे करून धुवायचे, परत जोडायचे. तेल सुद्धा तिकडचंच लागतंय. पार्ट मागितले तर माझ्यासारख्याला कंपनी देत न्हाय. ते झाकण उघडायचा पाना बी माझ्याकडं न्हाय. आणि हे एकदा करून भागत न्हाय. पाच-सहा वर्षं झाली की परत."

"म्हणजे पोरीनं घड्याळ एकदा दिलं, आणि मी तिला दर पाच वर्षांनी बिल देत बसू?"

"ताई देईल की, सर."

"देईल रे. म्हणूनच नको."

विद्याताई, हे तुला त्यांनी कधी सांगितलं नसंल. तुला 'घड्याळ ठीक आहे' असंच सांगितलं असंल.

मी म्हटलं, दोन दिवस ठेवून जावा, बघतो. आता ह्या भारी घड्याळांत एक गोम असते. आत पाणी जाऊ नये म्हणून बाजूच्या चावीला आटे असतात. सरांनी चावी फिरवून बघितली होती, पण ती हालली न्हाय. महागाची वस्तू मोडंल म्हणून त्यांनी सोडून दिली. ती आधी उलटी फिरवून आटे सोडवायचे, मग चावी भरता येते. मी आटे सोडवले. तीस फेरे दिले. दोन दिवस घड्याळ टकाटक चाललं. त्याला काही झालंच न्हवतं. सर दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. हातच हालत न्हवता, तर घड्याळ भरणार कशानं?

तिसऱ्या दिवशी सर आले. मी सांगणार होतो. आईशप्पत सांगणार होतो, की सर, रोज तीस फेरे चावी द्या, झालं काम. पण मी सरांकडं बघितलं. दाढी वाढलेली. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. फळ्यावरची तारीख वाकडी आली तर पुसून परत लिहिणारा माणूस, आणि त्याची बटणं वरखाली. आणि तोंडातनं भलतंच निघून गेलं.

"सर, ह्याला चालणं पाहिजे. रोज घरापासनं माझ्या दुकानापर्यंत चालत यायचं. घड्याळ उजव्या हातात घालायचं, आणि हात खांद्यापासनं झुलवायचा."

"आणि नाही आलो तर?"

"तर बंद पडंल. मग अठ्ठावन्न हजार."

त्यानंतरची सहा वर्षं मी काय सांगायची? तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि उजवा हात झुलवत निघालेले सर. वखारीतल्या आक्का म्हणायच्या, सर परेडला निघाले बघा. हसलायसा की न्हाय आक्का? मी बी हसलोय. दहाच्या ठोक्याला सर दुकानात. मी भिंग लावायचो. घड्याळ कानाला धरायचो. तोंड गंभीर करायचो. म्हणायचो, "आज बरं हाय सर, पण उद्या यायलाच पाहिजे."

सर म्हणायचे, "तू म्हणशील तसं."

मग आमचा च्या. मग जुन्या पोरांच्या गोष्टी. कोण कुठं हाय, कुणाचं लग्न झालं, कुणाला भूमिती अजून येत न्हाय.

आणि खरं सांगू? मोबाईल आल्यापासनं माझ्या दुकानात कोण येतंय? सर यायच्या आधी मी दिवसभर लोकांच्या बंद घड्याळांकडं बघत बसायचो. ते खोटं मी सरांसाठी बोललो, असं मनाला सांगायचो. त्यातलं अर्धं माझ्यासाठीच होतं.

गेल्या सोमवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. सर आले न्हाईत. मी दुकान उघडं टाकून निघालो. वखारीच्या कट्ट्यावर सर बसले होते, भिंतीला टेकून, डोळे मिटून. माझ्या दुकानापासनं शंभर पावलांवर. मी "सर" म्हणून हाक मारली. परत मारली. मग हाताला हात लावला, आणि कळलं. घड्याळ तेवढं चालू होतं.

तेव्हापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. काय ऊन होतं त्या दिवशी! सहा वर्षांपूर्वी मी खरं बोललो असतो, तर सर पंख्याखाली बसले असते. घरात बसून तीस फेरे दिले असते. मी त्यांना रस्त्यावर आणलं. आपल्या गुरूला खोटं सांगून आणलं. हे घेऊन मी जगू कसा? काल विद्याताईकडं गेलो. तिला सगळं सांगितलं. तिच्याकडं बघायचा धीर झाला न्हाय.

ताई उठली, कपाटातनं घड्याळाचा डबा काढला. डब्यात कंपनीचं छोटं पुस्तक होतं. ते उघडून माझ्यापुढं धरलं. "बापूकाका, वाचा."

मी म्हटलं, "ताई, मला इंग्लिश कुठलं येतंय?"

म्हणाली, "इंग्लिश नका वाचू. लाल तेवढं वाचा."

चावीचे आटे सोडवून तीस फेरे कसे द्यायचे, हे ज्या ओळीत लिहिलेलं होतं, तिच्याखाली लाल रेघ होती. रेघेखाली तारीख. मी पळत दुकानात गेलो आणि जुनं पावती बुक काढून बघितलं. सरांनी घड्याळ माझ्याकडं ठेवलं, त्यानंतर दहाच दिवसांची तारीख. आणि त्या छोट्या पुस्तकात, लाल रेघेच्या पानाच्या कडेला, सरांच्या त्या टपोऱ्या अक्षरात, मराठीत लिहिलेलं. "बापूला सांगू नये."

दहा दिवसांत त्यांना कळलं होतं! मग सहा वर्षं तो हात कशाला झुलवला? लोक हसतात हे काय त्यांना दिसत न्हवतं? रोज दहाला येऊन, "तू म्हणशील तसं" म्हणून माझ्यापुढं मनगट कशाला धरलं? मी सरांना चालवतोय असं मला वाटत होतं. आणि सर रोज माझ्याकडं येत होते.

सातवीपासनं माझी प्रत्येक चूक सरांनी मला दाखवली. ही एकच झाकून ठेवली.

मी परत ताईकडं गेलो, तर तिनं घड्याळ माझ्या हातात दिलं. ते थांबलेलं होतं. म्हणाली, "काका, चावी द्या." मी दिली न्हाय. आज सकाळी सरांच्या दारात गेलो, घड्याळ उजव्या हातात घातलं, आणि तिथनं ह्या हॉलपर्यंत चालत आलो. हात खांद्यापासनं झुलवत. वाटेत वखार लागली. आज तिथं कोणी हसलं न्हाय.

सर, चालू हाय बघा. सर्व्हिस न्हाय केली, त्यामुळं आताशा जरा मागं पडतंय. पण चालू हाय.

आता आपण सगळे एक मिनिट उभं राहूया. मिनिट मी ह्याच घड्याळावर मोजतो. जरा मोठं भरलं, तर कोणी खाली बसू नका.