छाती वर आली की

मी, वय बावीस, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात सोडलेले, धंदा आरोग्य सल्ल्याच्या फोन-केंद्रात नोकरी, राहणार थोरल्या बहिणीकडे, आपणहून हजर राहून सांगतो की,

केंद्रात आलेला फोन आधी मी उचलतो, नाव-पत्ता घेतो आणि सिस्टरकडे जोडतो. पेशंटला घरीच ठेवायचे, दवाखान्यात पाठवायचे की ॲम्ब्युलन्स धाडायची, ते सिस्टर प्रश्न विचारून ठरवतात. माझ्या शेजारी बसणाऱ्या सिस्टरशी माझे काही नाही. त्यांचा बिनसाखरेचा चहा मी आणतो, एवढेच. त्यांनीच मला त्या घरी पाठवले असे केंद्रात बोलतात आणि त्यांना घरी बसवले आहे, म्हणून हा जबाब.

आठवडाभर एक म्हातारे गृहस्थ फोनवर त्यांच्यावर ओरडत. आवाज हेडफोनबाहेर येई. काल सकाळी त्यांचा फोन ठेवून सिस्टरनी डोळे पुसले. मी म्हटले, "कोण आहे तो? बघतोच त्याला." त्या म्हणाल्या, "हिरो, तू तुझं काम कर." माझे डोके फिरले. पत्ता माझ्याकडे होताच. जेवणाच्या सुट्टीत मी मोटरसायकल काढली. सिस्टरना विचारले नाही.

दार उघडे होते. ॲम्ब्युलन्ससाठी उघडे ठेवले होते, हे नंतर कळले. गृहस्थ आतल्या खोलीत ओरडत होते. मी कॉलर धरून थोबाडीत दिली. त्यांच्या कानातले यंत्र उडून फरशीवर फुटले. ते का ओरडतात ते मला तेव्हा समजले. ते म्हणाले, "मारा हो, पण आधी हिला बघा."

पलंगावर त्यांची पत्नी होती. उशीजवळच्या मोबाइलमधून सिस्टर विचारत होत्या, "आजोबा, थांबलात का? छाती वर आली की 'आता' म्हणायचं." त्यावरून त्या श्वास मोजतात. मधल्या वेळात कोणी मोजले नव्हते. मी फोन घेतला.

"हिरो?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बोल. मोजतेय मी."

मी "आता" म्हणत गेलो. मधले अंतर वाढत चालले. आजोबांना ऐकू येत नव्हते, ते माझ्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले की मान डोलवून म्हणत, "आहे, आहे."

मग छाती वर आली नाही. आजोबा बघत होते. मी "आता" म्हटले.

सिस्टरनी विचारले, "खरं?"

मी आजोबांकडे बघितले.

"छाती दाब. मोठ्यानं आकडे म्हण."

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी येऊन माझे हात धरेपर्यंत मी दाबत होतो.

आजोबांवर हात मी माझ्याच रागाने टाकला. सिस्टरचा यात काही दोष नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे आणि खरा आहे. त्यातला शेवटचा "आता" तेवढा खोटा.