कोपऱ्यातला गच्च गहू

नाही नाही, बसा म्हणू नका मला, बसवतच नाही! तिकडं मळणी यंत्र धडधडतंय, दादा एकेक पोतं मोजतोय, आणि मी बसू? तुम्हाला सांगतो, तीन वर्षं मागं लागलो तेव्हा कुठं माझ्या थोरल्या भावानं गव्हाचं शेत माझ्या हवाली केलं. "एक हंगाम बघतो तुझा," म्हणाला. एकच!

पेरलं. उगवलं. आणि कोपऱ्यात काय उगवलं म्हणता! नुसतं गच्च! बोट शिरायला जागा नाही! मी रोज जाऊन कौतुकानं हात फिरवायचो... तर तिसऱ्या आठवड्यात आमची ही म्हणते कशी, "अहो, तो गहू नाही, गवत आहे. बुंधा बघा, लालसर आहे." आता मला सांगा, हिरव्यागार पिकाचे बुंधे कोण बघत बसतं? म्हटलं, "त्या कोपऱ्याला हात लावायचा नाही!" तर म्हणाली, "महिनाभरात काढलं तर फायदा, नंतर नुसती हमाली." आणि चार बायका घेऊन बाकीचं सगळं शेत निंदून मोकळी! मी इकडं राखण करतोय... कशाची? गवताची!

पाणीसुद्धा त्या कोपऱ्याला आधी दिलं हो! खत दोन मुठी जास्त! नको, चहा नको, चहा म्हटलं की बसावं लागतं.

मग ओंब्या आल्या. शेतभर गव्हाच्या, कोपऱ्यात भलत्याच! घाबरून आत घुसलो, उपटत सुटलो, दोन दिवस, कंबर मोडली... गवताबरोबर गहू उपटला, उरलेला तुडवला! ही बांधावर उभी. "आता कशाला? पाहुणा जेवून, हात धुऊन ढेकर देतोय आणि तुम्ही त्याचं ताट ओढताय!"

अहो, बसतो म्हटलं ना... थांबा, यंत्र बंद झालं! दादा आला! मागोमाग हीसुद्धा! काय म्हणतोय? "मधल्या तुकड्यात दहा पोती, तेवढ्याच जागेत कोपऱ्यात सहा." संपलं! माझ्याकडं बघतसुद्धा नाही, हिला म्हणतो, "पुढच्या हंगामापासून शेत तू बघ. आणि ह्याचं काय करायचं? काढायचा का शेतातनं?"

हिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाली, "राहू द्या भावजी. एवढ्या एका तणापायी कोण फवारणीचा खर्च करतं!"