खाली ये

हॅलो?… हॅलो! कोण?… अगं, मी दुर्गाच. या घरात मराठीत दुसरं कोण बोलणार? बोल, बकुळ. मऊरानीपुरात सगळं ठीक ना?… मग एवढा ट्रंक कॉल कशाला?… अच्छा. दिवाकरने आईची तक्रार आत्याकडे नेली तर.

हो, जातेय. आजच. टांगा सांगितलाय… कोकणात. कुलदेवीकडे… माहितीय, आपल्या घरातलं कोणी झाशी-मऊरानीपुरापलीकडे घर सोडून गेलं नाही. त्यांना बोलावणं नव्हतं. मला आलंय… गावाचं नाव नाही सांगितलं. विचारत जाईन. तोंड आहे मला… हो, आहेच, माहितीय.

अगं ऐक ना. परवा दुपारी जेवून वरच्या खोलीत जरा डोळा लागला. तर आवाज आला, ‘खाली ये.’ एवढंच… म्हणजे काय? खाली म्हणजे दक्षिणेला! दिवाकरच्या रेल्वेच्या नकाशात बघ, झाशी वर, कोकण पार खाली. देवी काय ‘मुंबईला गाडी बदल’ असं सांगत बसणार?

काय?… हो, मलाही तेच म्हणाला तो. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, तेव्हा किल्ल्या सुनेला देऊन जा. मी म्हटलं, आपली देवी हिंदी कधी शिकली? किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. कोकणातही कमरेलाच राहतील.

चहाला हाक मारली असेल? कोणी, कांचनने? तिचं आपलं ‘अम्माजी, चाय बन गई’. रेल्वे कॉलनीत वाढलेली, मराठी समजतं सगळं, बोलत नाही… मी हसते म्हणून? मग! चुकीचं बोललं की हसू नको तर काय पेढे वाटू?

आणि देवी ‘ये’ म्हणाली, बकुळ. ‘या’ नाही… तू तरी म्हणतेस का? तुझं ‘अहो वहिनी’. सासूबाई गेल्यापासून मला ‘ये’ म्हणणारं कोणी उरलं नाही… नाही गं, रडतेय कुठे. लाइन खराब आहे.

थांब हं. टांगा आला वाटतं. खालून कांचन काहीतरी…

…

ऐकलंस?… तुला कसं ऐकू जाणार. म्हणाली, ‘अम्माजी, टांगा आ गया. खाली ये.’… हो, मराठीत. हो, ‘ये’! सासूला!

…

तोच आहे, बकुळ. आवाज तोच.

हॅलो? आहे, आहे मी… जायचं नाही म्हणजे? सामान बांधलंय, टांगा दारात उभा आहे. हाक आली ती आली. कोणाच्या तोंडून आली ते देवी बघून घेईल… किल्ल्या? तिलाच देते. रिकामीच जाते… दिवाकरला सांगू नको हं, त्याचं खरं निघालं म्हणून. डोक्यावर बसेल.

आणि बकुळ, ऐक. मोठ्यांना ‘या’ म्हणतात, हे माझ्या माघारी तिला कोणी शिकवायचं नाही. बजावून ठेवतेय…

आले गं कांचन, आले!

ठेवते.