टाचेचा डबा

नाही नाही बाई, तो नाही — तो डबा टाचेचा आहे. हो, संत्र्याच्याच सालीची पूड आहे, पण जाडी. टाचा भेगाळल्या असतील तर न्या, पायाले घासा. तोंडाचा हा इकडचा, वस्त्रगाळ. बोट घालून पाहा नं — लागते का कुठे कण? नाही लागत. माझी पुष्पलता गाळते, पोरगी माझी, मागे पडद्याआड बसली आहे. पातेल्यावर जुन्या धोतराचं कापड बांधते अन् थापट्या मारून मारून गाळते, एकदा नाही, तीनदा. ते थपथप ऐकू येऊन राहिलं नं? तेच. सकाळपासून चालू राहते. ते चालू असलं का तिले इकडचं काही ऐकू येत नाही, म्हणून तर मी दिवसभर गिऱ्हाइकासंगं बडबडत राहते.

ही तुमची पोरगी का? ये वं माय, उजेडात ये. काय नाव — जया? लाजू नको, मी काही पाहुणी नाही. तेलकट तोंड आहे, कपाळावर मुरमं, गालावर मुरमं — मग? या वयात येणारच, पन्नाशीत येतील का? हे पाहा बाई, तेलकट तोंडाले घासणं पाहिजेच नाही. ही वस्त्रगाळ चिमूटभर, त्यात चमचाभर मुलतानी माती, साध्या पाण्यात कालवायची, लेप द्यायचा, अन् पुरता वाळायच्या आत ओल्या हातानं अल्लद काढायचा. आठवड्यातून एकदा. पिकलेल्या मुरमाले तर बोटच नको. महिना-दीड महिना लागन — काय म्हणता? येत्या रविवारीच पाहुणे येऊन राहिले? अच्छा. म्हणून जाडी पाहिजे तुम्हाले.

आमच्याकडेही रविवारीच आले होते. त्रेसष्ट साली, काटोलहून. बारा वर्षं झाली. पुष्पलता एकोणीसची, अन् अशीच मुरमं. मले वाटलं, हे तोंड घेऊन पोरगी पाहुण्यांपुढे बसली तर संपलंच सारं. शनिवारी तिले मोरीत बसवली, जाडी पूड घेतली, वरून लिंबू पिळलं, अन् घासली — मी, माझ्याच हातानं. भांड्याची खरवड निघते तशी निघतील म्हटलं मुरमं. निघाली ती चामडी. संध्याकाळपर्यंत तोंड टरटरून सुजलं, गालातून पाणी गळाले लागलं. अन् दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी पोहे खाल्ले, तिच्याकडे एकदा पाहिलं, अन् चहा अर्धा ठेवून उठले. पण सांगू का बाई — त्या मुलाच्या तोंडावर मुरमं होती! नाकावर, हनुवटीवर, ही अशी दाणेदार. त्याले कोणी म्हटलं का, बाबा हे काय घेऊन आला? त्याच्या मायनं घासला असन का त्याले मोरीत बसवून? मले हसू आलं. आतमध्ये जाऊन हसली मी, मग तिथंच बसून रडली.

डाग राहिले ते राहिलेच. काळे पडले. पुढे आणखी दोघं येऊन गेले, मग तीच म्हणाली, आई, आता मले दाखवू नको कोणाले. पडद्याबाहेर येत नाही. माझ्यासंगं बोलत नाही असं नाही — बोलते, जेवाले वाढते, सारं करते. तोंडाले तेवढा हात लावू देत नाही. मागच्या पावसाळ्यात ताप चढला होता, मी कपाळावर हात ठेवला, तर त्या तापातही तिनं तो बाजूले केला. बारा वर्षांत एकदाच विचारलं तिनं — आई, मी जळते, जळते म्हणत होती, तू काहून नाही थांबली? मी म्हटलं, नळाची धार चालू होती वं, मले ऐकूच नाही आलं.

अन् धार किती? करंगळीएवढी. तिचा काय आवाज? ऐकू आलं होतं, बाई. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच आलं होतं. मले वाटलं आणखी थोडं घासू, आता थांबलं तर अर्धवट राहीन — पाहुण्यांसाठी नं, त्या चहा अर्धा ठेवून जाणाऱ्यांसाठी. तिले आजवर नाही सांगितलं मी हे. तुम्हाले कशाले सांगून राहिली, देव जाणे. जाडी मी देत नाही, दुसऱ्या दुकानी मिळन, इतवारीत काय कमी आहे? माझ्याकडून ही न्या, अन् हिले हिच्याच हातानं लावू द्या. तुम्ही नका लावू. हिनं नुसतं स्स केलं तरी —

थांबा. थपथप कुठे गेलं?

केव्हा बंद झालं? तुम्ही नाही ऐकलं — तू वं जया, तू तर पडद्याजवळच उभी आहेस, तू सांग. नळाच्या गोष्टीच्या आधी, का नंतर?

आधी म्हणतेस.

घ्या बाई, ही पुडी घ्या. नाही, काही नको, राहू द्या. जा तुम्ही. जा म्हटलं नं — अन् जाता जाता तेवढं दार ओढून घ्या.