बंदूक अन् पायगुण

माझं पहिलं स्थळ काहून मोडलं म्हणता वं? आम्ही तेव्हा नंदनवन नावाच्या वस्तीत, शेताले लागूनच राहत होतो. शेतात डुकरं येत म्हणून बाबांकडे बंदूक होती. मले पाहायले आलेल्या मुलानं ती सरळ खुंटीवरून काढली.

बाबा म्हणाले, “राहू द्या, भरलेली आहे.”

“मले समजते बंदुकीतलं,” तो म्हणाला.

मी पोहे घेऊन दारात आले अन् बार उडाला. छपरावरचं कवेलू फुटून पोह्यांत पडलं. बाबांनी त्याच्या हातची बंदूक काढून घेतली. अन् त्याची आई म्हणते, “पोरीचा पायगुण काही बरा दिसत नाही.”

मी म्हटलं, “काकू, चापावर तुमच्या मुलाचं बोट होतं. माझा पाय नव्हता.”