चित्रकाराची शेवटची पानं

नवरा रजा संपवून पलटणीत निघालेला आणि बायको पुस्तकात डोकं खुपसून! उंब्रजच्या स्टँडवर माझ्या शेजारीच बसली होती दोघं. असली तऱ्हा मी कुठं पाहिली नाही.

"अगं, जरा माझ्याकडं बघ की."

"तुमी दिवाळीला येतायच की. ह्यो चित्रकार पुन्यांदा भेटायचा न्हाई."

"का?"

"पुस्तक तुमच्या नावावर. कराडच्या वाचनालयात देऊनच जाणार न्हवं? मला एकटीला तिथवर कोण धाडतंय?"

"कुठवर आलीस?"

"त्येची नजर गेलीया. बायकोला आभाळाचा रंग इचारतोय."

"मग ती काय सांगती?"

"त्येच बघती."

"मोठ्यानं वाच, मला बी कळू दे."

ती वाचू लागली. कराडची बस आली, गेली. तो उठला नाही.

मग मी बोललेच, "पोरी, तुझं चुकलंच. इतका वेळ मनातल्या मनात वाचत बसलीस!"