चिंगीसाठी शाल

जनावरांच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या आजोबांची कुत्री आत होती. नर्स बाहेर आली.

"आजोबा, चिंगीची गाठ काढली. सगळं नीट झालं. पण भूल उतरताना घाबरलीय, सारखी कण्हतेय. घरच्या वासाचं काही आणलंय?"

"ही शाल आहे. आमच्या हिची. चिंगी हिचीच हो, मी आपला नुसता फिरवून आणणारा."

"द्या मग."

"हिला जाऊन दोन वर्षं झाली. शाल अजून धुतली नाही मी."

"अगंबाई! मग राहू द्या. रक्त लागेल, उकळत्या पाण्यात धुवावी लागेल. तुमचा स्वेटर चालेल की."

"माझ्या वासानं गप्प होईल ती? अजून संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसते."

"मग कसं करू या?"

"एक मिनिट थांब हं, बाळ."

आजोबांनी शालीत तोंड खुपसलं. बाई टोपलीची कडी उगाचच चाचपत राहिल्या.

"घे. पार गळ्यापर्यंत पांघर. तिला तसंच लागतं."

"चिंगीला ना?"

"दोघींना."